पट्टीने मोजावं, चित्र काढू नये

अंगावर चिकटवायची सोनोग्राफी पट्टी आता कल्पनेपुरती राहिलेली नाही. अमेरिकेत एमआयटीच्या शुआनहे झाओ यांच्या गटाने २०२२ मध्ये टपाल तिकिटाएवढी पट्टी बनवली. ती त्वचेवर ४८ तास टिकून हृदय, फुप्फुसं, जठर दाखवत राहते. सॅन दिएगोच्या शेंग शू यांच्या गटाने २०२३ मध्ये वायरशिवाय चालणारं उपकरण तयार केलं. मी जळगावात रेडिओलॉजिस्ट आहे आणि हे तंत्र खान्देशात यावं, असं मला मनापासून वाटतं.

हृदय कमजोर झालेले रुग्ण चोपडा-यावलकडून, सातपुड्याच्या पायथ्यापासून येतात, तेव्हा पाय सुजलेले असतात, दम लागलेला असतो. फुप्फुसात पाणी साचायला त्याआधीच सुरुवात झालेली असते. पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर फुगलेली असते. सोनोग्राफीचा प्रोब अंगावर ठेवला की हे दिसतं, पण प्रोब उचलला की दिसणं संपलं. रुग्ण घरी गेल्यावर रोज मोजमाप मिळालं, तर डॉक्टरला औषध वेळेत वाढवता येईल. काहींची भरती टळेल, मजुरी वाचेल.

मात्र गर्भाचं लिंग दाखवून सोनोग्राफीच्याच यंत्राने आमच्या जिल्ह्याचं मोठं नुकसानही केलं आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. म्हणून १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा कडकच हवा. मशीनची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म, हे सगळं मला योग्य वाटतं. २०१२ च्या नियमांनी पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावर बंधन घातलं, फिरत्या वैद्यकीय पथकांना तेवढी वाट ठेवली. मग रुग्णाच्या घरी जाणारी पट्टी कुठे बसणार?

कायदा सैल करा, अशी मागणी पुढे येईल. माझा तिला विरोध आहे. पट्टीच वेगळी घडवता येते. स्पष्ट चित्रासाठी ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या स्फटिकांची दाट रांग लागते. शिरेची रुंदी किंवा मूत्राशयातली लघवी मोजायला मोजके स्फटिक पुरतात: ध्वनी आत जातो, भिंतीवरून परततो, लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. अशा पट्टीने फक्त आकडा द्यावा. चित्र उमटवण्याची ताकदच नसेल, तर गर्भ पाहण्यासाठी तिचा उपयोग होणार नाही. ही मर्यादा प्रोटोटाइपच्या पहिल्या आराखड्यातच हवी. मागाहून लावलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारे निघतातच. चित्र न देणाऱ्या उपकरणांचा वेगळा वर्ग केंद्राने तांत्रिक तपासणीनंतर नियमांत घालावा.

दुसरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. घामाने पट्टी सुटली की मध्ये हवा शिरते आणि हवेचा थर हा ध्वनी अडवतो. प्रयोगशाळेत दोन दिवस टिकलेली पट्टी केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाच्या छातीवर किती टिकेल, हे इथेच तपासायला हवं.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. असं उपकरण घडवणाऱ्या अभियंत्यांनी त्यांना आराखड्यापासूनच सोबत घ्यावं आणि पहिल्याच बैठकीला गर्भलिंग कायदा राबवणाऱ्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांना बोलवावं. कायद्याचा माणूस शेवटी आला, तर चांगलं यंत्रही परवानगीअभावी पडून राहील. आणि तो आलाच नाही, तर त्याची किंमत पुन्हा मुलीच मोजतील.