विश्लेषण : घर, जमीन घेताय? विकणारा ट्रस्ट, कंपनी की 'एनआरआय', हे आधी का पाहावे?

पुण्यातील मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेचा सुमारे २३० कोटी रुपयांचा व्यवहार ऑक्टोबर २०२५ मध्ये बारगळला. धर्मादाय आयुक्तांची परवानगी होती, खरेदीखतही झाले होते. तरीही जैन समाजाच्या विरोधानंतर आधी 'जैसे थे'चा आदेश आला, विकासकाने माघार घेतली आणि परवानगीही रद्द झाली.

मोठ्या विकासकाच्या बाबतीत हे घडू शकते, तर कर्ज काढून घर घेणाऱ्याने अधिकच सावध राहायला हवे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर व्यक्तीऐवजी संस्थेचे नाव असेल किंवा मालक परदेशात राहत असेल, तर विक्रीचे नियम बदलतात.

ट्रस्टची जागा असेल तर?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार, सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी बंधनकारक आहे. त्याशिवाय झालेली विक्री वैध ठरत नाही. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देतानाही हीच अट आहे. फसवणूक करून किंवा महत्त्वाची माहिती लपवून मिळवलेली परवानगी आयुक्त मागे घेऊ शकतात. म्हणूनच नुसता आदेश पाहून थांबू नये, तो कोणत्या माहितीवर मिळाला हेही वकिलाकडून तपासून घ्यावे.

कुटुंबासाठी केलेल्या खासगी ट्रस्टला हे कलम लागू नाही. तिथे ट्रस्ट डीडमध्ये विक्रीचा अधिकार आहे का, हे पाहावे लागते. डीडमध्ये वेगळी तरतूद नसेल, तर सर्व विश्वस्तांची संमती लागते.

कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर?

कंपनीच्या वतीने सही करणाऱ्याकडे संचालक मंडळाचा ठराव हवा. मालमत्तेवर बँकेचा बोजा आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर पाहता येते. एलएलपी असेल, तर सहीचा अधिकार कोणाला आहे हे तिच्या करारात पाहावे.

भागीदारी फर्ममध्ये खरी मेख आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, फर्मची स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार एकट्या भागीदाराला आपोआप मिळत नाही. त्यामुळे सर्व भागीदारांच्या सह्या किंवा स्पष्ट अधिकारपत्र घेणे सुरक्षित.

मालक परदेशात असेल तर?

इथे करकपातीची जबाबदारी खरेदीदारावर येते आणि रक्कमही मोठी असते. समजा, फ्लॅट ८० लाखांचा आहे.

- विक्रेता भारतात राहणारा असेल, तर टीडीएस १ टक्का, म्हणजे ८० हजार रुपये.
- विक्रेता अनिवासी असेल आणि फ्लॅट त्याच्याकडे दोन वर्षांहून अधिक काळ असेल, तर साडेबारा टक्के. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून होतात ११ लाख ४४ हजार रुपये.

विक्रेत्याने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल, तर ही कपात नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर करणेच खरेदीदारासाठी सुरक्षित असते. कपात केली नाही, तर कर आणि व्याजाची वसुली खरेदीदाराकडून होऊ शकते. विक्रेता पैसे घेऊन परदेशी परतलेला असतो, नोटीस मात्र इथल्या पत्त्यावर येते.

अनिवासी कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही, तर त्या वर्षी भारतात किती दिवस मुक्काम होता यावरून ठरते. त्यामुळे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

अनेकदा परदेशातला मालक भावाला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र देतो. असे पत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखत हवेच.

टोकन देण्यापूर्वी विचारा

१. कागदावर मालक म्हणून नेमके कोणाचे नाव आहे?
२. सही करणाऱ्याला तो अधिकार कोणत्या कागदाने मिळाला?
३. विक्रेता करासाठी निवासी की अनिवासी?

या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत टोकनची रक्कम खिशातच ठेवलेली बरी.