जिभेची वाट आणि पारपत्राचे कुंपण

पूर्वी माणूस परमुलखात जाई तो यात्रेसाठी, व्यापारासाठी किंवा विद्येसाठी. आता त्यांत चौथ्या निमित्ताची भर पडली आहे, ते म्हणजे जेवण. परक्या शहरातील प्रासाद पाहण्याआधी तेथील बाजारात काय शिजते ते चाखावे, किंबहुना त्यासाठीच प्रवास आखावा, ही हौस जगभरच्या मध्यमवर्गात वाढीला लागली आहे. लागोस व अबुजा येथील सुशिक्षित नायजेरियन कुटुंबेही तिला अपवाद नाहीत. वरकरणी हा विषय खुशालचेंडूंचा वाटेल. परंतु कोणी कोठे जाऊन जेवावे हेदेखील जेव्हा जन्मभूमीच्या पारपत्रावर ठरू लागते, तेव्हा तो केवळ चवीचा विषय राहत नाही, असे आम्हांस वाटते.

युरोपचेच उदाहरण घ्या. शेंगेन व्हिसासाठी 2024 साली नायजेरियातून आलेल्या अर्जांपैकी सुमारे 46 टक्के अर्ज फेटाळले गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अर्जाचे शुल्क 80 वरून 90 युरोवर नेण्यात आले. अर्ज नामंजूर झाला तरी हे शुल्क परत मिळत नाही. 2023 च्या जूनमध्ये नायजेरियाने आपल्या चलनाचा दर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला सुमारे 460 नायरा पडत. पुढच्या वर्षी तो आकडा 1,500 च्या वर गेला. नायजेरियाने 2024 मध्ये महिन्याचे किमान वेतन 70,000 नायरा ठरविले. म्हणजे 90 युरोंचा हा नुसता अर्जच तेथील श्रमिकाच्या सुमारे दोन महिन्यांच्या वेतनाएवढा आहे. दुबईची वाट तर 2022 च्या ऑक्टोबरपासून 2024 च्या जुलैपर्यंत जवळजवळ बंदच होती.

कोणाला आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मुदत संपल्यावरही मागे राहणारे असतात, खोटी कागदपत्रे करणारेही असतात. मात्र त्यांच्यामुळे ज्याची नोकरी, घर आणि मुलेबाळे लागोसमध्ये आहेत आणि ज्याला पंधरा दिवस हिंडून, खाऊनपिऊन परत यायचे आहे, त्यालाही संशयिताच्या रांगेत उभे राहावे लागते. यातील विसंगती लंडनमध्ये विशेष उठून दिसते. 2024 च्या फेब्रुवारीत ‘मिशेलिन’ या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने आडेजोके बाकारे या नायजेरियन वंशाच्या पाककर्तीच्या ‘चिशुरू’ या उपाहारगृहाला आपला तारा बहाल केला. पश्चिम आफ्रिकेच्या पाककलेचा हा गौरव यथार्थच आहे. पण ज्यांच्या आजीच्या चुलीवर ही चव घडली, त्यांना त्या मेजापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र बँकेचे खातेउतारे जोडून आपण परत जाऊ, हे सिद्ध करावे लागते.

मग नायजेरियन खवय्याने जावे कोठे? आमच्या मते त्याची सर्वांत समृद्ध वाट त्याच्या दाराशीच सुरू होते. 1975 साली लागोसमध्येच झालेल्या करारान्वये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा आर्थिक समुदाय स्थापन झाला आणि 1979 च्या करारनाम्याने सदस्यदेशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवासाची मुभा मिळाली. लागोसहून आबिजानपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा सुमारे हजार किलोमीटरचा मार्ग पाच देशांतून जातो. वाटेत आक्रा येथे मक्याचे पीठ आंबवून, पाल्यात बांधून शिजविलेली केंके तळलेल्या मासळीबरोबर मिळते. पीठ आंबवून सान्नां करणाऱ्या आमच्या वाचकांना त्या आंबटपणाचे मोल सांगावयास नको. आबिजानला कसाव्याचे आतिएके मिळते. ते करण्याच्या कौशल्याची युनेस्कोने 2024 मध्ये मानवजातीच्या वारशात नोंद केली.

याच किनाऱ्याने आणखी पश्चिमेस गेले की सेनेगल लागतो. घाना आणि नायजेरिया यांच्यात ‘जोलोफ’ भात कोणाचा सरस, यावरून रोज लटकी लढाई चाललेली असते. पण त्या भाताचे नावच मुळी सेनेगलमधील जुन्या जोलोफ राज्यावरून पडले आहे. तेथील मासळी-भाताला 2021 साली युनेस्कोची मान्यता मिळाली. हा भात अखंड तांदळाचा नव्हे, कणीचा असतो. आणि ती कणी मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात आली आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये भारताने कणीची निर्यात रोखली. ती बंदी 2025 च्या मार्चमध्ये उठली. दिल्लीतल्या एका आदेशाची झळ डाकारच्या चुलीपर्यंत पोहोचते, एवढे हे जग एकमेकांत गुंतलेले आहे.

अटलांटिकपलीकडे ब्राझीलमधील बाहिया येथे गेलेल्या नायजेरियन प्रवाशाला तर आपलेच घर भेटते. योरुबा लोकांचा ‘आकारा’ म्हणजे आमच्या भाषेत अळसांद्यांचा वडा. गुलाम म्हणून बोटींत कोंबून नेलेल्या माणसांनी तो मनात जपून तेथे नेला. आज साल्वादोरच्या रस्त्यांवर शुभ्र वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया तो पाम तेलात तळतात, मधोमध चिरून त्यात सुकी सुंगटे भरतात आणि त्याला ‘आकाराजे’ म्हणतात. ‘इयांसा’ या देवतेचा तो नैवेद्यही आहे. ज्या पोर्तुगीज साम्राज्याने ती माणसे नेली, त्याच्याच जहाजांतून ब्राझीलचा काजू आमच्या गोमंतकात आला, हे विसरता येत नाही. ब्राझीलमधील गुलामगिरी 1888 साली कायद्याने संपली. वड्याचे नाव मात्र कोणाला पुसता आले नाही.

तेव्हा आफ्रिकी सरकारांनी आपल्या नागरिकांची ही वाट मोकळी करणे अगत्याचे आहे. व्हिसा माफ असूनही नाक्यानाक्यावरचे हात ओले करावे लागत असतील आणि शेजारच्या देशाचे विमान युरोपच्या विमानाइतके महाग पडत असेल, तर 1979 चा करारनामा कागदावरच राहतो. बेनिन, गाम्बिया, रवांडा आणि सेशेल्स या देशांनी सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसाविना दार उघडले आहे. इतरांनी त्यांचे अनुकरण करावे. ब्राझील आणि नायजेरिया यांनी 2025 च्या ऑगस्टमध्ये हवाई वाहतुकीचा करार केला, हेही योग्य दिशेचे पाऊल आहे.

राहता राहिलो आम्ही. आमचा प्रदेश पाहुण्यांवर जगतो आणि आतिथ्याचा अभिमान मिरवितो. 2013 साली पर्रा येथे एका नायजेरियनाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडविला आणि प्रकरण चिघळले. अपराधाला शिक्षा आणि रस्ता अडविणाऱ्यावर कारवाई, येथवर कोणाचा आक्षेप नसावा. परंतु त्या वेळी एका मंत्रिमहोदयांनी त्या देशाच्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली आणि नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. परदेशी वकिलातीच्या दारात आमच्या मुलांकडे संशयाने पाहिले की आम्हांस जे बोचते, तेच आम्ही दुसऱ्याच्या वाट्याला देतो काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. आमच्या शीतकढीची कीर्ती ऐकून उद्या कोणी लागोसहून आला, तर पानावर बसलेल्या पाहुण्याला आम्ही आधी पारपत्र विचारणार नाही, एवढी तरी ग्वाही या किनाऱ्याने द्यावी.