दुसरा फ्लॅट घेण्याआधी बंद फ्लॅटचं कुलूप काढा

आमच्या टीममध्ये आम्ही सात जण आहोत. त्यातले चौघं तिशीच्या आतले, आणि त्या चौघांतले तिघं सध्या ‘इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी’ बघताहेत. स्वतः वाकडला, थेरगावला भाड्याने राहतात, दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या नावाने बोटं मोडतात आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एकमेकांना रावेत-ताथवड्याचे प्रोजेक्ट दाखवतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: टू-बीएचके घ्यायचा, भाड्याने द्यायचा, हप्ता भाडेकरू भरेल, वीस वर्षांनी फ्लॅट आपला. रीलमधला माणूस याला पॅसिव्ह इन्कम म्हणतो. तो माणूस बऱ्याचदा कुठल्या तरी बिल्डरचे फ्लॅट विकत असतो. ते आपल्याला दिसतं, तरी आपण रील सेव्ह करतो.

घर भाड्याने देण्याशी माझं भांडण नाही. ते काम मी स्वतः गेली साडेतीन वर्षं करतोय, त्याबद्दल पुढे येतोच. माझं भांडण ‘हप्ता भाडेकरू भरेल’ या वाक्याशी आहे. आपण इंजिनिअर आहोत. कोड न वाचता मर्ज करत नाही. मग आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार तरी एकदा एक्सेलमध्ये टाकून बघू.

समजा फ्लॅट 90 लाखांचा, रिसेलचा, म्हणजे जीएसटी नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 6 लाख 30 हजार, नोंदणीचे 30 हजार. पंखे, गीझर, किचन ट्रॉली, ग्रिल धरून 3 लाख. फ्लॅट साधारण एक कोटीला पडला. कर्ज 72 लाख, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता येतो जवळपास 62 हजार 500. त्यातले पहिल्या महिन्यात 51 हजार निव्वळ व्याजाचे.

आता भाडं. 28 हजार धरू. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जाणार हेही धरू, कारण जातोच. हातात येतात 3 लाख 8 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 42 हजार, मिळकत कर 15 हजार, दुरुस्ती 20 हजार, आणि दर दोन वर्षांनी ब्रोकरला जाणारं एक महिन्याचं भाडं वर्षाला वाटून 14 हजार वजा करा. उरतात 2 लाख 17 हजार. म्हणजे एक कोटीवर जेमतेम 2.2 टक्के. बँकेला तुम्ही देताय साडेआठ. वर्षाच्या साडेसात लाखांच्या हप्त्यातले सव्वापाच लाखांहून जास्त तुमच्या पगारातून जातात, म्हणजे दरमहा 44 हजार. भाडेकरू तुमचा हप्ता भरत नाही. पहिल्या वर्षी तर तुमच्या व्याजाचा निम्मा भागसुद्धा भरत नाही. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. गणित फार हलणार नाही, मी सतरा वेळा हलवून पाहिलंय.

इथे कुणी तरी म्हणतं, ‘अरे, पण टॅक्स वाचतो.’ वाचायचा. भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट अजूनही मिळते आणि भाड्याने दिलेल्या घराचं व्याजही वजा होतं. पण त्यातून होणारा तोटा पगारातून वजा करायला जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांची मर्यादा आहे, आणि नव्या करप्रणालीत तो पगारातून वजाच होत नाही. आमच्या टीममधले ते तिघंही नव्या प्रणालीत आहेत.

मग शेवटचा पत्ता: ‘किंमत वाढेल ना.’ वाढेलही. पण व्याज आणि भाडं यांतली सहा-सव्वासहा टक्क्यांची फट भरून काढायला किंमत दरवर्षी तेवढी, न थकता, वाढायला हवी. तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत येता, आणि विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर वेगळा. हा सट्टा आहे. सट्टा खेळायला माझी हरकत नाही, पण पगाराच्या दुप्पट-तिप्पट नाही, पन्नास-साठपट कर्ज काढून खेळताना त्याला पॅसिव्ह इन्कम म्हणू नये. आणि हा सट्टा जिंकायचा कसा? आज वाकडला भाड्याने राहणारा, तुमच्याहून चार वर्षांनी लहान पोरगा किंवा पोरगी आणखी महाग भावाने तोच फ्लॅट घेईल, तेव्हाच. म्हणजे आपल्याला न परवडणाऱ्या घरांच्या नावाने आपण रडतो आणि ती आणखी न परवडण्यावर पैसे लावतो.

तर भाड्याचा धंदा करायचाच नाही? करायचा. पण तो सुरू करायला बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांत नवा फ्लॅट लागत नाही. एक प्रश्न आई-बाबांना, काका-आत्यांना विचारा: आपल्या नात्यात बंद घरं किती आहेत? नाशिकला, सोलापूरला, साताऱ्याला, डोंबिवलीला. ‘रिटायर झाल्यावर जाऊ’ म्हणून घेतलेलं, आजी गेल्यावर तसंच राहिलेलं, दिवाळीत दोन दिवस झाडलं जाणारं. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी होती. ती सगळी काही बिल्डरांची न विकलेली नव्हती.

ही घरं बंद का असतात? ‘भाडेकरू घर बळकावतो.’ बस, एवढंच. ही भीती खरी होती, पण ती आपल्या आजोबांची आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली, आणि चाळींचे मालक पन्नास-शंभर रुपयांवर तीन पिढ्या बसून राहिले. त्यातून पागडी आली, पडक्या इमारती आल्या, कोर्टात म्हातारे झालेले मालक-भाडेकरू आले. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, 2000 पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायची वेगळी तरतूद त्यात आहे, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. अट एकच: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी आपले लोक पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि वर ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही’ असं छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात लागते. अकरा महिन्यांनाही लागते.

आमच्या काकांचा सांगलीत विश्रामबागला वन-बीएचके आहे. काका-काकू नव्या मुंबईत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, माणसं छतांवरून बोटीत उतरली, त्यानंतर कितीतरी दिवस लोक चार कोरड्या खोल्या शोधत फिरत होते. काकांचा फ्लॅट कोरडा होता आणि बंद होता. वाईट माणूस नाही तो. त्याने मदत म्हणून पैसे पाठवले, चादरी पाठवल्या. फ्लॅटची किल्ली कपाटात राहिली. ‘एकदा घुसले की निघत नाहीत’ हे वाक्य मी तेव्हा त्याच्याच तोंडून ऐकलं.

2022 मध्ये मी त्याच्याशी सहा महिने वाद घालून ती किल्ली घेतली. रंग, वायरिंग, दोन नळ, वाळवी लागलेली एक चौकट, यात 85 हजार गेले. भाडं 8 हजार 500. मिरजेतल्या एका इस्पितळात नर्स असलेली ताई आणि तिची धाकटी बहीण राहायला आल्या. करार 36 महिन्यांचा केला, कारण अकरा महिन्यांच्या करारात फायदा होतो तो ब्रोकरचा. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. 3 लाख 6 हजारांवर ती आठशे रुपयेही होत नाही, नोंदणी फी हजार. अंगठे बायोमेट्रिक मशिनवर, उपनिबंधक कार्यालयाची पायरी चढावी लागली नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी तेवढीच मर्यादा सुचवली आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही, पण माणसाने चांगल्या सूचना ऐकाव्यात. काकांनी पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती ऑनलाइन दिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘एकट्या मुली’ म्हणून कुरकुर केली, तेव्हा मी त्यांना आदर्श उपविधी दाखवले: सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. आणि घर भाड्याने दिलं म्हणून जो जादा आकार लावतात, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.

यात पॅसिव्ह काहीच नाही, हे मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं. रात्री साडेदहाला फोन: गीझरचा पाइप सुटलाय. मी हिंजवडीत डिप्लॉयमेंटवर. विश्रामबागेतल्या प्लंबरचा नंबर, त्याला यूपीआय, दुसऱ्या दिवशी ताईंना फोन. वर्षाला असे पाच-सहा प्रसंग. त्याबदल्यात भाडं मिळतं आणि ते त्या कामाचंच मिळतं. माझा वाटा काकांनी ठरवलाय: दहा टक्के. महिन्याचे 850 रुपये. हसू नका, हा माझा पहिला धंदा आहे, आणि त्यात कर्ज शून्य आहे. घरमालकी म्हणजे काय असतं ते साडेतीन वर्षांत शिकलो, आणि त्यासाठी 28 लाखांचं डाउन पेमेंट लागलं नाही.

शिकलो त्यातली एक गोष्ट लिहायलाच हवी. पुण्यात मी चार घरं बदलली. दोनदा ब्रोकरने भाड्याच्या आधी आडनाव विचारलं. एका मालकांनी आडनाव ऐकून ‘मिसेसना विचारून सांगतो’ म्हटलं, त्या मिसेस अजून विचार करताहेत. माझ्या एका मुसलमान मित्राने पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, दोन महिन्यांचं जादा डिपॉझिट पुढे ठेवून शेवटी चऱ्होलीच्याही पुढे घर घेतलं आणि रोज तीन तास रस्त्यावर घालवले. हे मालक स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतात. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला की वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा गेला. आडनाव न पटल्याने तीन महिने कुलूप ठेवणारा माणूस वर्षाच्या उत्पन्नाचा पाव भाग स्वतःच्या जातीच्या अभिमानावर उधळतो, आणि वर ‘भाड्यात हल्ली काही राम नाही’ म्हणतो. आमच्या टीममधल्या तिघांना मी विचारलं, तुम्ही मालक झालात तर ब्रोकरला काय सांगाल? दोघं म्हणाले, ‘फॅमिली बरी.’ दोघंही बॅचलर आहेत.

सांगलीचा करार गेल्या वर्षी संपला. ताई मिरजेतच, बहीण आता नोकरीला लागली, दोघींना घर ठेवायचं होतं. काका म्हणाले बाजारभाव साडेदहा आहे. मी म्हटलं, नवा माणूस शोधण्यात महिनाभर रिकामं गेलं, वर ब्रोकर आणि रंग, तर पहिल्या वर्षी साडेदहा घेऊनही आपण मागेच. साडेनऊवर ठरलं. ताईंनी बाल्कनीला जाळी मागितली, ती बसवली, 3 हजार 200 लागले. काकू आता विचारताहेत की त्यांच्या माहेरच्या, कऱ्हाडच्या दोन खोल्यांचं काही करता येईल का. पुढच्या शनिवारी मी वायरमनला घेऊन बघायला चाललोय.