आधी कोबा फोडा

अंगणात दगड बसवायचा म्हटलं की पुण्यात कंत्राटदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोबा किती इंची टाकू?’ मला या प्रश्नाचीच चीड आहे. दगडी अंगण मागणाऱ्याला चार इंच काँक्रीट ओतून त्यावर फरशी चिकटवून देणं ही शुद्ध फसवणूक आहे. आणि आपण ती पैसे मोजून करवून घेतो.

दगडी अंगणाचं खरं काम दगडाखाली असतं. वीतभर खणायचं. मुरूम पसरून, पाणी मारून धुम्मसानं चोपायचा. त्यावर खडी, तीही दाबून घट्ट. वर बोटभर कच, सपाट ओढलेली. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ढाळ, दर मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. मग दीड-दोन इंच जाडीचा दगड रबरी हातोडीनं ठोकत, पाणसळ लावत बसवायचा आणि दर्जा कचेनंच भरायच्या. सिमेंटचा कण लागत नाही. पाऊस दर्जांतून खाली मुरतो, कडेच्या आंब्याच्या मुळांना मिळतो. एखादा दगड खचला तर पहारीनं उचला, खाली दोन मुठी कच घाला, परत ठेवा. कोब्यावरची फरशी मात्र फोडल्याशिवाय निघत नाही.

‘काळ्या मातीत दगड हलतो’ ही नेहमीची सबब. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे खरंच. पण तिच्यावरचा पातळ कोबाही तडकतो आणि वरची फरशी सोबत घेऊन तडकतो. उपाय एकच, ती माती काढून मुरूम भरणं. खणायची मजुरी वाचवायची म्हणून कोबा पुढे केला जातो, दुसरं काही नाही.

आता ॲसिड. काम संपलं की सिमेंटचे डाग घालवायला बाटली उघडतात. शहाबादी, कोटा, कडप्पा, तांदूर हे सगळे चुनखडक. ॲसिड पडताच जो फेस येतो तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. शेजारच्या बंगल्यात मी हे उभं राहून पाहिलं. सकाळी निळसर करडी असलेली शहाबादी संध्याकाळी पांढुरकी, खरबरीत झाली होती, ओघळ जसेच्या तसे उमटलेले. मालकांना सांगितलं गेलं, ‘दगडच तसा आला.’ हे धडधडीत खोटं होतं.

सगळ्यात संताप येतो तो कटरच्या धुळीचा. सह्याद्रीचा काळा पाषाण दारात असताना हौसेनं राजस्थानी सँडस्टोन आणतात. तो मुख्यतः क्वार्ट्‌झचा, आणि कोरडा कापला की त्याची बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. राजस्थानात या आजारानं इतके खाणकामगार पोखरले की सरकारला 2019 मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. इथे आपल्या फाटकात तोंडाला रुमाल बांधून एक पोरगा दिवसभर दगड कापतो आणि आपण धूळ घरात येते म्हणून खिडक्या लावून घेतो! रुमालानं ही धूळ अडत नाही. कटरवर पाण्याची धार आणि धड मास्क, हे कंत्राटातच लिहून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि कोरडं कापताना दिसलं की तिथल्या तिथे काम थांबवा.