शिशाचा छर्रा, लोखंडाचा छर्रा

"आबा, शिसपेन्सिलीत शिसं असतं का?"

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे मुलाकडे मिनेसोटाला होतो, तेव्हा धाकट्या नातीने हा प्रश्न विचारला. जन्मभर मुलांना मराठी शिकवली, तेव्हा अशा प्रश्नाला मी कसा घाबरणार? म्हटले, "नसतं बाळ. ग्राफाइट असतं. नाव तेवढं राहिलंय." तिचे समाधान झाले आणि ती खेळायला पळाली. मी मात्र त्याच दुपारी शेजाऱ्याच्या गराजमध्ये जाऊन बसलो आणि पुढचे तीन तास शिसे हाच विषय होता.

आमचे शेजारी माझ्याच वयाचे. सुतारकामातून निवृत्त झालेले. मला ते 'टीचर' म्हणतात. त्यांना दोन छंद. एक लाकडी बदके कोरण्याचा आणि दुसरा खरी बदके मारण्याचा. त्या भागात सप्टेंबरच्या अखेरीस बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी हे गृहस्थ आपली काडतुसे घरीच भरतात. आता वाचकांपैकी काही जण (आणि आमच्या घरातली बरीच मंडळी) म्हणतील, मास्तर या वयात बंदुकीवर काय लिहीत बसले! थोडे थांबा. विषय बंदुकीचा नाही.

काडतूस भरण्याची रीत अशी. झाडून झालेली प्लास्टिकची पुंगळी घ्यायची. तिच्या बुडाचा जळका प्रायमर ठोकून काढायचा, नवा बसवायचा. दारू तोलून घालायची. त्यावर वॅड, म्हणजे प्लास्टिकचा छोटा पेला, दाबायचा. त्या पेल्यात छर्रे ओतायचे आणि मोदकाच्या कळ्या मिटाव्यात तसे सहा किंवा आठ घड्या घालून पुंगळीचे तोंड बंद करायचे. हे सगळे एका हातयंत्रावर होते. यंत्राचा दांडा खाली दाबला की एकेक काम उरकते. शेजारी हे काम इतक्या शांतपणे करत होते की मला आमच्या आईचे वाती वळणे आठवले.

छर्रे पाहिले तर शिशाचे नव्हतेच. एका डब्यात लोखंडाचे, दुसऱ्यात बिस्मथ नावाच्या धातूचे. त्यांनी लोहचुंबक फिरवून दाखवला. लोखंडाचे छर्रे टपाटप चिकटले, बिस्मथचे जागचे हलले नाहीत.

घरी येऊन हे सगळे सौ.ला सांगितले. तिने एका वाक्यात निकाल लावला, "मारायचंच आहे तर शिसं काय नि लोखंड काय! पक्ष्याला काय फरक पडतो हो?"

मलाही प्रथम तसेच वाटले होते. हे म्हणजे बोकड कापायचा आणि सुरीला हळदकुंकू लावायचे, असा प्रकार वाटला. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता माझे मत बदलले. ते का बदलले, तेच आज लिहायचे आहे.

ज्या पक्ष्याला छर्रा लागतो त्याला खरोखर काही फरक पडत नाही. फरक पडतो तो न लागलेल्या छऱ्यांमुळे. दोन नंबरचे लोखंडी छर्रे सव्वा औंस, म्हणजे साधारण पस्तीस ग्रॅम, घेतले तर ते दीडशेच्या घरात भरतात. बदकाला त्यातले मूठभरही लागत नाहीत. बाकीचे कुठे जातात? पाण्यात, चिखलात, गवतात. आणि नेम चुकला तर सगळेच.

आता पक्ष्याला दात नसतात. त्याच्या पोटात दळणारी एक पिशवी असते. गावाकडे कोंबडी साफ करताना खड्यांनी भरलेली निघते तीच. पक्षी मुद्दाम बारीक खडे गिळतो आणि त्या जात्यात दाणे दळतो. तळ्याच्या तळाशी पडलेला छर्रा त्याला खडाच वाटतो. लोखंडाचा असेल तर त्याने विष होत नाही. शिशाचा असेल तर जाते त्याला झिजवते, पोटातले आम्ल त्याला विरघळवते आणि शिसे रक्तात उतरते. पक्षी खंगतो, पंख ओघळतात, उडणे थांबते. असा अशक्त पक्षी गरुडाला सहज सापडतो. मग तेच शिसे गरुडाच्या पोटात.

हे काही काल-परवा कळलेले नाही. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या अमेरिकन निसर्गप्रेमी संपादकाने १८९४ मध्येच याबद्दल लिहिले होते. १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज या संशोधकाने अंदाज दिला की तिथल्या पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन-तीन टक्के शिशाने मरतात. तरीही बदकांच्या शिकारीत शिसे देशभर बंद व्हायला १९९१ चा हंगाम उजाडावा लागला. जवळजवळ शंभर वर्षे! पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या बंदीमुळे एकट्या १९९७ मध्ये सुमारे चौदा लाख बदके वाचली. ती शिकाऱ्यांनी सोडून दिलेली नव्हती. ज्यांच्यावर कोणी बंदूक रोखलीच नव्हती, अशी ती बदके होती.

आपल्याकडे याच गोष्टीचे दुसरे रूप आपण पाहिले आहे. गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांच्या तीन जाती दहात एकही उरू नये इतक्या घटल्या. जनावरांसाठीचे ते औषध २००६ मध्ये बंद केले, तेव्हा आकाश जवळपास रिकामे झाले होते. गिधाड मारायचे कोणाच्या मनातही नव्हते. मनात नसणे पुरत नाही, एवढे यातून मी शिकलो.

आता शेजाऱ्यांची गोष्ट. १९९१ ची बंदी आली तेव्हा ते चिडले होते. त्यांच्याकडे वडिलांची जुनी दुनळी बंदूक, नळ्यांची तोंडे चांगलीच आवळलेली. कठीण लोखंडी छऱ्यांनी अशा नळीला इजा होऊ शकते. सरकारने वडिलांची बंदूक खुंटीला टांगायला लावली, असा त्यांचा राग. नवी बंदूक घेऊन बदके मारू लागले खरे, पण रानातल्या फेझंटसाठी आणि ग्राउससाठी शिसेच वापरत राहिले. बहुतेक ठिकाणी तिथला कायदा आजही त्याला हरकत घेत नाही.

मग एका हिवाळ्यात रस्त्याकडेला त्यांना एक गरुड बसलेला दिसला. जवळ गेले तरी उडाला नाही. कोटात गुंडाळून त्यांनी तो विद्यापीठाच्या पक्षी-रुग्णालयात नेला. रक्तात शिसे निघाले. गरुड वाचला नाही. ते शिसे कुठून आले, कोणाचे, हे कोण सांगणार? शेजारी मला म्हणाले, "माझंच असेल असं नाही. पण माझं नव्हतंच, असंही मला म्हणता येत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी शिसे सोडले. कायद्याने लागते तिथे आणि लागत नाही तिथेही.

हे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, लोखंड ७.९ पट. हलका छर्रा वेग लवकर गमावतो. म्हणून चार नंबरच्या शिशाऐवजी दोन नंबरचे लोखंड घ्यावे लागते. (छऱ्यांत नंबर जितका लहान तितका दाणा मोठा. आमच्या वर्गातही पहिल्या नंबराचाच रुबाब जास्त असे!) शिवाय पक्षी जवळ येईपर्यंत थांबावे लागते. लांबून बार टाकणारा माणूस लोखंडाने पक्षी मारण्याऐवजी जखमी करतो. लोखंडावरचा हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर धातूपेक्षा शिकाऱ्याच्या संयमात आहे. शेजारी चाळीस यार्डांवर मोठा कागद लावतात, त्यावर बार टाकतात, तीस इंचांचे वर्तुळ आखून त्यातली भोके मोजतात. मगच ते काडतूस पसंत होते.

भरण्यातही जोखीम आहे. शिसे मऊ, दबते. लोखंड दबत नाही. म्हणून वॅड जाड लागतो, दारूही त्याला योग्य अशीच लागते. शिशाची कृती घेऊन नुसते छर्रे बदलले तर नळीतला दाब भलताच वाढून बंदूक फुटू शकते. छापील कृतीतली एकही वस्तू मनाने बदलायची नाही. साखरेऐवजी गूळ इथे चालत नाही.

खर्चाचे काय? लोखंडी काडतुसे घरी भरून फारशी बचत होत नाही. पण बिस्मथची विकतची काडतुसे महाग, ती घरी भरली तर बरेच पैसे वाचतात. बिस्मथ पाण्याच्या ९.८ पट जड आणि लोखंडापेक्षा मऊ. त्यामुळे जुन्या नळ्यांनाही ते सोसते. वडिलांची दुनळी अनेक वर्षांनी पुन्हा खाली आली ती त्यामुळेच. शिसे सोडले म्हणून वारसा बुडाला नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे. दुकानातले काडतूस घेणारा एक वेळ म्हणेल, मिळाले ते घेतले. घरी भरणाऱ्याला ती सोय नाही. त्याने दाणा न् दाणा स्वतः निवडलेला असतो. त्यामुळे न लागलेल्या छऱ्यांची जबाबदारी सगळ्यात जास्त त्याची, आणि कायद्याने सांगेपर्यंत थांबण्याचे कारण सगळ्यात कमी त्याला. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, कॅलिफोर्नियात २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाची गोळी आणि छर्रा बंद आहे, युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांत बंदी आणली. शिकार कुठेच थांबली नाही.

शिकारीबद्दल माझे मन अजूनही कच्चे आहे. शेजाऱ्यांनी बोलावले तरी मी तळ्यावर गेलो नाही. पण ज्या माणसाशी माझे एका गोष्टीत पटत नाही, त्याने दुसरी गोष्ट माझ्याहून अधिक विचाराने केली असेल तर तसे म्हणायला हवे.

माझ्याहून, असे मुद्दामच लिहिले. आमच्या अण्णाकाकांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. १९५८-५९ ची गोष्ट. पक्ष्यांच्या शिकारीबद्दल तेव्हा कोणी चकार शब्द काढत नसे. काका खाडीवरून जाळ्यांचे जुने शिसे आणायचे, मागील दारी चुलीवर वितळवायचे आणि भोके पाडलेल्या पत्र्यातून पाण्यात थेंब थेंब सोडायचे. छर्रे निवडायचे काम आम्हा मुलांचे. चड्डीच्या खिशाला भोक असले की मी ते गालात धरायचो. किती वर्षे धरले, देव जाणे. पुढे काकांचे हात कापू लागले. त्याचा आणि शिशाचा संबंध मी जोडत नाही, माझ्यापाशी पुरावा नाही. पण त्या धुरात आम्ही सगळी मुले वाकून बसायचो, हे खरे. आणि होले-पारव्यांवर झाडलेले ते छर्रे आमच्याच मळ्यात अजून पडलेले असतील, हेही खरे. शिसे कुजत नाही.

काकांची छऱ्यांनी अर्धी भरलेली पितळी डबी गावच्या घरी माळ्यावर अजून आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मुलांनी ती खाली काढली होती, ओट्यावर छर्रे घरंगळवत होती, आणि मीच कौतुकाने काकांच्या गोष्टी सांगत बसलो होतो. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या सर्व चुलत भावंडांना आणि सुनांना विनंती. ती डबी मुलांच्या हाती देऊ नका. काकांची आठवण म्हणून जपायची असेल तर रिकामी डबी जपू. आतले छर्रे परसात किंवा विहिरीकडे ओतू नका, झाकण घट्ट लावून उंचावर ठेवा, आणि हाताळली असेल तर हात साबणाने धुवा. दिवाळीत मी येतो आहे. त्यांचे काय करायचे ते तेव्हा मिळून ठरवू.