मतदान आहे, हिशेब नाही : फिफाचा कारभार आणि आपले प्रश्न

वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांपासून गोव्याच्या गावांपर्यंत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. रात्र रात्र जागून सामने पाहिले जातात. आमच्या वस्त्यांमधली पोरंही त्यात मागे नसतात. फुटबॉलला महागडी बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. म्हणूनच हा जगातल्या गरिबांचा खेळ आहे. पण या खेळाचा कारभार कोणाच्या हातात आहे, त्यातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? "कार्यकर्त्यांनी फिफाच्या भानगडीत कशाला पडायचं?" असं काही मित्र आम्हाला विचारतात. आमचं उत्तर असं की, जिथे सत्ता आहे, पैसा आहे आणि जाब विचारणारं कोणी नाही, तिथे काय घडतं हे समजून घ्यायला फिफाइतकं स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण आहे.

रचनेतच मेख आहे

फिफाची स्थापना 1904 साली पॅरिसमध्ये झाली. आज मुख्यालय स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात आहे. कायद्याच्या दृष्टीने ही ना कंपनी आहे, ना आंतरराष्ट्रीय करारातून जन्मलेली संस्था. स्वित्झर्लंडच्या नागरी कायद्याखाली चालणारी ती एक 'ना नफा' संस्था आहे. गावातलं एखादं क्रीडामंडळ ज्या कायद्याखाली चालतं, त्याच कायद्याखाली फिफा चालते. फरक इतकाच की 2019 ते 2022 या चार वर्षांत या मंडळाचं उत्पन्न सुमारे 750 कोटी डॉलर होतं.

फिफाचे 211 सभासद महासंघ आहेत आणि प्रत्येकाला एक मत आहे. ब्राझीललाही एक, काही हजार लोकवस्तीच्या माँटसेराटलाही एक. वरवर पाहता ही मोठी लोकशाही वाटते. पण याच सभासदांना फिफा विकासनिधी वाटते. 2023 ते 2026 या काळात प्रत्येक महासंघाला 80 लाख डॉलरपर्यंत निधी मिळू शकतो. छोट्या देशातल्या महासंघाचा जवळजवळ सगळा कारभार याच पैशावर चालतो. म्हणजे निधी वरून खाली येतो आणि मतं खालून वर जातात. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांचं राजकारण ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. कर्जवाटप ज्याच्या हातात, त्याचं पॅनल निवडून येतं.

या निधीमुळे गरीब देशांत मैदानं झाली, महिला फुटबॉलला बळ मिळालं, हेही खरं आहे. निधी द्यायलाच हवा. प्रश्न एवढाच आहे की, देणाराच मत मागायला येत असेल, तर हिशेब कोण मागणार?

2010 ते 2015 : काय घडलं?

2 डिसेंबर 2010 रोजी फिफाच्या कार्यकारी समितीने 2018 चा वर्ल्ड कप रशियाला आणि 2022 चा कतारला दिला. समिती 24 जणांची होती. मत विकण्याची तयारी दाखवल्याचं एका ब्रिटिश वर्तमानपत्राने छुप्या चित्रीकरणातून उघड केल्यामुळे दोघेजण मतदानाआधीच निलंबित झाले होते. उरलेल्या 22 जणांनी बंद खोलीत निर्णय घेतला. शेवटच्या फेरीत कतारने अमेरिकेला 14 विरुद्ध 8 मतांनी हरवलं. लाच दिल्याचे आरोप कतारने कायम फेटाळले आहेत. मात्र त्या 22 जणांपैकी अनेकांवर पुढे बंदी, खटले किंवा चौकशीची वेळ आली.

फिफाने या प्रकरणाची चौकशी अमेरिकेतले माजी सरकारी वकील मायकल गार्सिया यांच्याकडे सोपवली. 2014 मध्ये त्यांनी चारशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. फिफाने जाहीर केला तो फक्त 42 पानांचा सारांश. हा सारांश अपुरा आणि चुकीचा असल्याचं सांगत गार्सिया यांनी राजीनामा दिला. पूर्ण अहवाल बाहेर आला तो 2017 मध्ये, तोही एका जर्मन वर्तमानपत्राच्या हाती तो लागल्यानंतर. चौकशी करायची पण अहवाल दाबून ठेवायचा, ही पद्धत आपल्याला नवीन नाही.

27 मे 2015 रोजी पहाटे स्विस पोलिसांनी झुरिचच्या एका आलिशान हॉटेलमधून फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना अटक केली. अमेरिकेच्या न्याय विभागाने 14 जणांवर आरोप ठेवले. प्रक्षेपण आणि जाहिरातीचे हक्क देताना 24 वर्षांत 15 कोटी डॉलरहून अधिक लाच दिली-घेतली गेली, असं त्यात म्हटलं होतं. अनेकांनी गुन्हा कबूल केला. आणि त्या अटकेनंतर अवघ्या दोन दिवसांनी काय झालं? सेप ब्लाटर पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले! चारच दिवसांत त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. पुढे 20 लाख स्विस फ्रँकच्या एका व्यवहारावरून ब्लाटर आणि मिशेल प्लाटिनी यांच्यावर फिफाने बंदी घातली. याच व्यवहाराच्या फौजदारी खटल्यात 2022 मध्ये आणि अपिलानंतर 2025 मध्ये दोघेही निर्दोष सुटले, हेही नोंदवलं पाहिजे.

माणसं बदलली, पद्धत बदलली का?

फेब्रुवारी 2016 मध्ये जियानी इन्फान्टिनो अध्यक्ष झाले. त्याच वेळी सुधारणा मंजूर झाल्या. अध्यक्षाला जास्तीत जास्त 12 वर्षं, वरिष्ठांचा पगार जाहीर. यजमानपदाचा निर्णय सर्व सभासदांच्या मतदानाने घ्यायचा, हे त्याआधी 2013 मध्येच ठरलं होतं. कागदावर हे चांगलंच होतं.

पण 2017 मध्ये नैतिकता समितीच्या दोन्ही प्रमुखांना मुदतवाढ नाकारण्यात आली. शेकडो प्रकरणं प्रलंबित असल्याचं ते जाताना सांगून गेले. प्रशासन समितीचे अध्यक्ष मिगेल मादुरो यांनी रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान विताली मुत्को यांना फिफा कौन्सिलची निवडणूक लढवण्यापासून रोखलं होतं. त्यांनाही घरी पाठवलं गेलं. डिसेंबर 2022 मध्ये कौन्सिलने ठरवलं की इन्फान्टिनो यांची पहिली 39 महिन्यांची कारकीर्द 'पूर्ण कार्यकाळ' म्हणून मोजायची नाही. म्हणजे 12 वर्षांची मर्यादा कायम राहिली आणि 2031 पर्यंत पदावर राहण्याची वाटही मोकळी झाली. 2023 मध्ये किगालीत त्यांची निवड बिनविरोध झाली.

2034 च्या यजमानपदाचं तसंच झालं. 4 ऑक्टोबर 2023 ला फिफाने सांगितलं की आशिया आणि ओशियानियातल्या इच्छुक देशांनी महिनाअखेरपर्यंत नाव द्यावं. चार आठवडेही नाहीत. सौदी अरेबिया एकटाच उरला. 11 डिसेंबर 2024 च्या ऑनलाइन सभेत 2030 आणि 2034 या दोन्ही स्पर्धांना एकत्रच टाळ्या वाजवून मंजुरी देण्यात आली. या पद्धतीवर नॉर्वेने लेखी आक्षेप नोंदवला. 2010 मध्ये 22 जणांनी बंद दाराआड ठरवलं म्हणून नियम बदलले, आणि बदललेल्या नियमाखाली मतमोजणीच झाली नाही!

किंमत कोणी मोजली?

या कारभाराची किंमत झुरिचमध्ये बसलेल्यांनी मोजलेली नाही. 'द गार्डियन'ने फेब्रुवारी 2021 मध्ये दिलेल्या बातमीनुसार, यजमानपद मिळाल्यानंतरच्या दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या देशांतल्या 6,500 हून अधिक स्थलांतरितांचा कतारमध्ये मृत्यू झाला. त्यात 2,711 भारतीय होते. हे सगळे मृत्यू स्टेडियमच्या कामावरचे नव्हते, त्यात सर्व कारणांचे मृत्यू आहेत. पण मूळ प्रश्न तिथेच आहे. असंख्य दाखल्यांवर 'नैसर्गिक कारण' एवढंच लिहिलेलं होतं, शवविच्छेदनही झालं नव्हतं. धडधाकट तरुण उन्हात काम करून संध्याकाळी खोलीवर येतो आणि सकाळी उठत नाही, तेव्हा त्यात नैसर्गिक काय असतं?

त्या वर्ल्ड कपची बक्षिसाची रक्कम 44 कोटी डॉलर होती. मानवाधिकार संघटनांनी तेवढाच निधी कामगारांच्या नुकसानभरपाईसाठी मागितला. फिफाने 2024 मध्ये 5 कोटी डॉलरचा 'लेगसी फंड' जाहीर केला, पण तो आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रकल्पांसाठी. मृत कामगाराच्या बायकोमुलांच्या हातात त्यातून थेट काही पडत नाही. आता सौदीत नवी स्टेडियम उभी राहतील. तिथे विटा-सिमेंट वाहणारे हात पुन्हा याच देशांतले असतील.

भारताचा धडा

प्रफुल्ल पटेल यांची अखिल भारतीय फुटबॉल महासंघावरील मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली, तरी निवडणूक झाली नाही. 2019 पासून ते फिफा कौन्सिलवरही होते. अखेर मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. नामवंत खेळाडूंनाही मतदार करावं, असा विचार पुढे आला. त्यावर ऑगस्टमध्ये फिफाने 'त्रयस्थांचा हस्तक्षेप' म्हणत भारतालाच निलंबित केलं. गोकुलम केरलाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या, त्यांना न खेळता परतावं लागलं. भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत होणारा 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप धोक्यात आला. प्रशासक समिती बरखास्त झाली, खेळाडूंचं मत गेलं आणि निलंबन उठलं. 2 सप्टेंबरच्या निवडणुकीत फक्त राज्य संघटनांनी मतदान केलं. भारताचा माजी कर्णधार भायचुंग भुतिया याला 34 पैकी एक मत मिळालं.

मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तेव्हा फिफा गप्प होती. न्यायालयाने निवडणूक घ्यायला लावली, तेव्हा तिला स्वायत्तता आठवली. स्वायत्ततेचं तत्त्व चुकीचं नाही. मंत्र्याने संघ निवडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण सरकारपासून संरक्षण म्हणून केलेला नियम हिशेबापासून संरक्षण म्हणून वापरला जाऊ लागला, की तो नियम पदाधिकाऱ्यांचा होतो, खेळाचा राहत नाही.

मग आपण काय करायचं?

नैतिकता समितीच्या नेमणुका कौन्सिलच्या हातातून काढल्या पाहिजेत. प्रत्येक महासंघाला मिळालेल्या निधीचा तपशीलवार खर्च लोकांसमोर आला पाहिजे. खेळाडूंना, विशेषतः महिला खेळाडूंना, मताचा अधिकार हवा. कामगारांच्या भरपाईची अट यजमानपदाच्या करारातच असली पाहिजे.

झुरिचपर्यंत आपला आवाज जाईल की नाही, हा पुढचा प्रश्न. आपल्या जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेपर्यंत तो नक्की जातो. शेवटची निवडणूक कधी झाली? मतदारयादीत खेळाडू किती, पुढाऱ्यांचे नातेवाईक किती? अनुदान किती आलं आणि मैदानावर किती पोहोचलं? सरकारी अनुदान घेणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांना माहिती अधिकार लागू आहे. तो अर्ज करायला दहा रुपये लागतात. जिल्हा संघटनेने उत्तर टाळलं, तर तिला मिळालेल्या अनुदानाची माहिती जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे मागता येते.

आणि हाच आरसा आपण आपल्या संस्थांसमोरही धरला पाहिजे. आपल्या मंडळाचा, पतसंस्थेचा, उत्सव समितीचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचला जातो का? अध्यक्ष बिनविरोध निवडला जातो तो एकमत आहे म्हणून, की विचारायची कोणाची हिंमत नाही म्हणून? फिफाला प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तिथूनच मिळणार आहे.