यदृच्छेचा कर्ता कोण?

संगणकाला नियम द्यावेत, त्यांना यादृच्छिक संख्यांची फोडणी द्यावी आणि पडद्यावर उमटणाऱ्या आकृतीला 'कर्त्याविना कला' म्हणावे, हा आपल्या सैद्धान्तिक चर्चेतला एक सोयीस्कर समज होऊन बसला आहे. १९६७ साली बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला. त्याचा पुरावा आता यंत्राकडे बोट दाखवून दिला जातो. यातला पहिला घोटाळा तांत्रिक आहे. संगणकाची यादृच्छिकता बहुधा आभासी असते: आरंभीचे बीज तेच ठेवले की तीच मालिका आणि तेच चित्र पुन्हा उमटते. बीज कोणते, विचलनाला मुभा किती, शेकडो निष्पत्तींतून कोणत्या चार राखायच्या, हे सारे कुणीतरी ठरवलेले असते.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर. १९६५ च्या फेब्रुवारीत श्टुटगार्ट येथे गेऑर्ग नेस यांची संगणक-रेखाचित्रे मांडली गेली, ती नेस यांच्याच नावाने. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीत मात्र लग्नगीत गाणारी बाई ठरलेल्या चौकटीत वराचे नाव, गावाचे नाव, व्याह्याची थट्टा जागच्या जागी बसवते, तेव्हा आपण तिला 'लोकमानस' म्हणून मोकळे होतो. दोन्हीकडे नियम आहे, अनपेक्षिताला वाव आहे, निवड आहे. एकाच्या वाट्याला सही येते, दुसरीच्या वाट्याला संकलकाची प्रस्तावना. ठरीव सूत्रांतून गाणारा गायक हा रचनाकारच असतो, हे पॅरी आणि लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या गायकांवरून केव्हाच दाखवले; आपण ते परीक्षेपुरते वाचले.

खानदेशाला तरी हा प्रश्न अपरिचित नसावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला तो इथल्याच पाटणला. 'लीलावती'च्या अंकपाशात शंख, चक्र, गदा, कमळ ही आयुधे चार हातांत फिरवून हरीची २४ रूपे होतात. दहा हातांच्या शंभूची ३६,२८,८००. हरीच्या चोविसांना परंपरेने केशवापासून एकेक नाव दिले. शंभूची छत्तीस लाखांवर रूपे गणितातच राहिली. गणित शक्यता मोजते; त्यांतले काय घडवायचे, हे ते सांगत नाही. तो निर्णय घेणारा हात नेस यांच्यापाशी दिसतो आणि अक्राणीत दिसत नाही, याचे कारण सिद्धान्तात नाही, पाहणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या हिशेबात आहे.

कर्त्याच्या मृत्यूचा ज्यांना एवढा उत्साह आहे, त्यांनी आरंभ आपल्या लोकगीतसंग्रहांच्या मुखपृष्ठांपासून करावा. तिथे संपादकाचे नाव चांगले ठळक छापलेले असते.